मोटेच्या सोंडेचा चामोटा

माहेर म्हटलं की मला आधी आवाज आठवतो, माणसं मागून येतात. सप-सप, सप-सप. आष्टीच्या आमच्या घरात उजाडायच्या सुमाराला आबा, म्हणजे माझे वडील, दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला चामोटा अडकवायचे, त्याचं खालचं टोक डाव्या मुठीत ताणून धरायचे आणि वस्तरा त्याच्यावरून वरखाली फिरवायचे. आम्ही वारीक. गावची डोकी नि दाढ्या पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. आताच्या पोरांना चामोटा काय असतो ते सांगावं लागतं म्हणून सांगते. हातभर लांब, चार बोटं रुंद असा चामड्याचा पट्टा, आणि त्याच्या पाठीशी तेवढीच नवारीची पट्टी. दगडावर घासून वस्तऱ्याला धार येते, पण ती धार खरबरीत असते, गालाला चावते. मग वस्तरा आधी नवारीवर आणि नंतर चामड्यावर फिरवला की धार मऊ होते. आबा म्हणायचे, दगड वस्तऱ्याला तिखट करतो अन् चामोटा त्याला शहाणा करतो. ते चामोट्याशी उभे असायचे तेव्हा आत चुलीपुढं मायचं भाकरी थापणं चाललेलं असायचं. थप-थप आणि सप-सप हे दोन्ही आवाज एका लयीत आले की मी गोधडी अंगावर ओढून घ्यायची, कारण थोड्या वेळानं तव्यावरची गरम भाकरी, तिच्यावर करडीचं तेल आणि शेंगदाण्याची चटणी मिळणार हे ठरलेलं असायचं.

तो चामोटा माझ्या आजोबांच्या हातचा. काळा कुळकुळीत, आणि त्याच्यावर अशी झळाळी की माय कधीमधी त्यात बघून कुंकू नीट आहे का ते पाहून घ्यायची. त्याला ओलांडायचं नाही, पाय लावायचा नाही, खेळायला घ्यायचा नाही. खंडेनवमीला पाटावर वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा मांडला जायचा आणि सगळ्यांच्या मधोमध चामोटा. माय त्याला हळदकुंकू लावून म्हणायची, ही आपली लक्ष्मी. माझी माय देवाला फारशी भीत नसे. पण कधी चामोटा काढून ठेवलेला असला आणि खिळा रिकामा दिसला की मात्र तिच्या जिवाची घालमेल व्हायची.

माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही भाऊच म्हणायचो, त्याचं लग्न झालं आणि प्रयागवहिनी घरात आली. ती घनसावंगीच्या पलीकडची, गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका खेड्यातली. तिचे लोक आमच्याच जातीचे, पण तिच्या आजोबानंच वस्तऱ्या-कात्रीची धोकटी खुंटीला टांगून शेती धरली होती. त्यामुळं उसाचं, कापसाचं सगळं तिला ठाऊक, पण वस्तऱ्याचा धंदा तिनं घरात कधी पाहिलेलाच नव्हता. माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. पण मी नवऱ्याची बहीण, म्हणून मला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची, त्याचं मला फार अप्रूप वाटायचं. पदर तोंडाशी धरून हसायची. फडक्यात गुळाचा खडा बांधून कमरेला खोचलेला असायचा, तो निम्मा मला द्यायची. आमच्या ओढ्यावर पहिल्यांदा धुणं घेऊन गेलो तेव्हा पाण्यात उभी राहून म्हणाली, "वन्सं, याला तुमी नदी म्हन्ता? आमच्या गंगेत हे सांडलं तर गंगेला पत्ताबी लागनार न्हाई." मी रागावले. मग दोघी इतक्या हसलो की आबांचं धोतर वाहत चाललंय हे बघायला शेजारच्या बाईला ओरडावं लागलं. मला पाठीवर बहीण नव्हती. ती आल्यावर कळलं की आपल्याला काय नव्हतं ते.

पितृपक्ष संपत आला की आमच्याकडं दसरा काढायचा असतो. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, गोधड्या, पोती, पटकुरं, पाट, डबे. वहिनीचा तो सासरचा पहिलाच दसरा. माय नेमकी त्या दिवशी एका ओल्या बाळंतिणीकडं अडकली होती. मी गोधड्या घेऊन आधीच ओढ्यावर गेले होते. जाताना माय वहिनीला बजावून गेली, "पर्‍याग, घरात टांगलेलं, लोंबतं येक चिंधूक ठिवू नको. समदं धुऊन काढ." नवी सून ती. सासूचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं आईनं शिकवून पाठवलेलं. तिनं घरभर नजर फिरवली असणार आणि तिला सगळ्यात मळकट, सगळ्यात तेलकट काय दिसलं असेल तर दारातला तो काळा पट्टा. त्या नवारीचा मूळ रंग कुणाच्या बापालाही सांगता आला नसता. तिनं तो सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातला. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला नेऊन दगडावर आपटला, काथ्या आणि विटेचा चुरा घेऊन घासला, आणि काळं निघेना तेव्हा पुन्हा सोड्यात घातला. मी गोधड्या पिळून घरी आले तर अंगणातल्या दोरीवर, एक पोतं आणि आबांची बंडी यांच्या मधे, तो वाळत पडलेला. वहिनीचे हात सोड्यानं लाल झालेले, पण तोंडावर आनंद मावत नव्हता. "बगा वन्सं, कसा पिवळाधम्मक निघाला. लई घान झाल्ता."

 तेवढ्यात आबा फेरीवरून आले. खांद्यावरची धोकटी त्यांनी खाली ठेवली आणि दोरीपाशी गेले. चामोटा हातात घेतला. तो पापडासारखा वाकडा झाला होता. जरा सरळ करायला गेले तर मधोमध तडकला, आणि तो तडकल्याचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

"कुनी धुतला?" आबांनी विचारलं.

"म्या, मामंजी," वहिनी म्हणाली. अजूनही तिला वाटत होतं की शाबासकी येणार आहे. आबा खाली बसले.  मग नुसतं "हं" म्हणाले आणि उठून आत गेले. आत गेल्यावर त्यांनी वस्तरा घेऊन त्याच्यावर फिरवून पाहिला. खर्र, खर्र. तो आवाज ऐकल्यावर वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला हळूच सांगितलं की तो चामोटा कशाचा, कुणाचा आणि कशासाठी. त्यानंतर कितीतरी दिवस ती आबांसमोर एक शब्द बोलली नाही.

माय आल्यावर जे झालं ते इथं पुरतं लिहीत नाही. मायचं तोंड म्हणजे तापला तवा, पाण्याचा थेंबही नाचायचा. ऐन सणाच्या तोंडावर घरची लक्ष्मी हिनं सोड्यात उकळली, ही काय पायगुणाची म्हणायची, असं ती शेजारपाजारला ऐकू जाईल असं बोलली. आबांनी तडकलेल्या चामोट्याला तेल पाजून पाहिलं, चोळून पाहिलं. खंडेनवमीला तसाच तो पाटावर मांडला. मायनं हळदकुंकू लावलं, पण तोंडानं काही म्हणाली नाही. रात्री जेवताना मात्र तिनं निकाल देऊन टाकला. "दिवाळीला हिचा मुऱ्हाळी यील. जाऊ द्या तिला. मंग आपुन बोलवूस्तोर तिकडंच राहू द्या."

ह्या बोलण्याचा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही कळतो. मुऱ्हाळी, म्हणजे न्यायला आलेला भाऊ, त्याच्याबरोबर लेक सणाला माहेरी येते ती आनंदानं, पण तिला परत न्यायला सासरचं माणूस यावं लागतं. ते आलं नाही तर ती दारात बसून राहते आणि गाव विचारू लागतं. अशा दोघीतिघी मी पाहिल्या होत्या, केस पिकले तरी बापाच्या ओसरीवर. भाऊ खाली मान घालून भाकरी कुस्करत होता. तो स्वभावानं चांगला, पण मायपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. वहिनी चुलीपाशी पाठमोरी होती. तिची पाठ तेवढी हलत होती.

आणि आबांचं काम तर थांबणार नव्हतं. चामोटा नसला की वारकाचा हातच चामोटा. ते डावा पंजा पसरायचे आणि तळहातावर वस्तरा फिरवायचे, अंगठ्याच्या फुगवट्यापासून मनगटापर्यंत आणि उलटा. कुणाकुणाचे हात त्याला सरावलेले असतात, आबांचा नव्हता. शिवाय तेव्हा स्टँडजवळ नवं दुकान झालं होतं. तिथं अर्ध्या ब्लेडचा वस्तरा होता, ब्लेड मोडायचं, लावायचं, फेकायचं. आबांचा वस्तरा चावायला लागला म्हणून एकेक माणूस तिकडं सरकू लागलं होतं. भाऊ एके दिवशी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा घेऊन आला. "आबा, हे बगा, मजबूत हाये." आबांनी वस्तरा दोनदा फिरवला आणि पट्टा परत केला. त्यात रबर होतं, वस्तरा त्याच्यावर अडखळत होता. मग आबा मला घेऊन बाजारात चामड्याच्या दुकानांकडं गेले. तिथं त्यांचं निवडणं बघण्यासारखं होतं. चामडं नाकाशी न्यायचे, दुमडून कानाशी धरायचे, काठ दातानं दाबायचे. एक फारच मऊ होतं, मला आवडलं. ते म्हणाले, "हे कारखान्यात रसायनात कमावल्यालं. लोन्यासारखं हाये, पन वस्तऱ्याला धरीत न्हाई. चामोट्यानं कसं, धरलं पायजे अन् सोडलं पायजे." दुसरं होतं ते चपलेच्या तळव्याचं, दगडासारखं. त्यांना पाहिजे होतं ते तरवडीच्या सालीत कमावलेलं, आणि तेही वापरून वापरून नरम झालेलं. तसं काही मिळालं नाही. आम्ही गुडदाणी खात घरी आलो. त्यातही त्यांनी मला निम्म्याहून जास्त दिली.

त्या रात्री आबा जेवत होते. वहिनी दाराआड उभी होती. तिनं मला खुणावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मी मोठ्यानं म्हणाले, "आबा, वैनी विचारून राह्यली, मोटेचं कातडं चालतं का?"

आबांचा घास हातातच राहिला. "कोन्ती मोट?"

पुन्हा कानात कुजबुज. मी सांगितलं, "त्यांच्या मळ्यातली. इंजिन आल्यापासून गोठ्यात टांगलीय म्हन्ती."

"सोंड शाबूत हाये का?"

"हाये म्हन्ती."

मोट आता पाहायला मिळत नाही. विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची भली मोठी पिशवी, बैल तिला वर ओढायचे, आणि तिच्या बुडाला असायची हत्तीसारखी सोंड, तिच्यातून पाणी विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात पडायचं. सोंडेचं कातडं पातळ, वर्षानुवर्षं पाण्यात भिजलेलं, उन्हाळ्यात तेल पाजलेलं, सारखं वाकून मुरलेलं. आबांचे डोळे चमकले ते मी कंदिलाच्या उजेडातही पाहिले. पण माय माझ्याआधी बोलली. "मंग बराबर हाये. तिच्या भावाच्या हातून धाडून द्या म्हनावं." म्हणजे कातडं यावं, सून नको. आबांनी आमटीचा भुरका मारला. 

दिवाळीला वहिनीचा भाऊ न्यायला आला. वहिनीनं ट्रंक भरली. मी तिच्याभोवती घोटाळत होते, ती माझ्याकडं बघत नव्हती. बघितलं असतं तर दोघींचंही धुणं झालं असतं. निघताना ती मायच्या पाया पडली, माय दुसरीकडं बघत "हं, हं" म्हणाली. मग ती आबांच्या पाया पडली. आबा तिच्या भावाकडं बघत बोलले, पण आवाज घरभर जाईल असा. "ते कातडं तुमी धाडून देऊ नका. धाडलं तर मी घेनार न्हाई. हिनंच ते सोंडेच्या मधून कापायचं, आतली बाजू काचेनं खरवडायची, लाटन्यानं लाटायचं. तेल कमी अन् हात जास्त. तळहातानं घासायचं, हात गरम होईस्तोर. अन् झालं की हिनंच घिऊन यायचं." मग वहिनीकडं वळले. उभ्या आयुष्यात मी आबांना मायचा शब्द मोडताना तेवढं एकदाच पाहिलं. "सुनबाई," ते म्हणाले, "घासून आन."

एसटी सुटली. धुरळा खाली बसला. मी घरी आले तर तिच्या गुळाचं फडकं खुंटीवर होतं, त्यात एक खडा ठेवलेला. तो मी खाल्ला नाही, मुंग्यांनी खाल्ला.

त्यानंतरचे दिवस मला अजून जसेच्या तसे जाणवतात. तुळशीचं लग्न झालं. शेताशेतांत हुरडा पेटला, लोक बोलवायचे, मी जायची, गरम हुरड्याबरोबर लसणाची चटणी खायची आणि वाटायचं, ती असती तर काय म्हणाली असती. ओढ्यावर एकटीनं धुणं नकोसं व्हायचं. दुपारी दारातल्या त्या रिकाम्या खिळ्याकडं बघत बसायची. तिला घेऊन ये असं माय म्हणत नव्हती आणि माय म्हटल्याशिवाय भाऊ हलत नव्हता. तोही रात्री अंगणात येरझाऱ्या घालायचा. त्याच वेळी घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, मुलगा जाफराबादचा. मला तर त्या मुलाचं नाव ऐकायचं नव्हतं. मला फक्त एवढंच वाटायचं की ही परत यायच्या आधी मीच या घरातून गेले, तर आमची गाठ कुठं पडायची? वहिनी माझ्या हाती लागून निसटली असं वाटायचं, आणि रडू यायचं. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना हसू यायला पाहिजे. येत नाही.

थंडी वाढली आणि आबांचा तळहात उलला. आधी बारीक भेगा, मग एका सकाळी वस्तरा फिरवताना रक्त आलं. ते त्यांनी धोतराला पुसलं आणि पुन्हा हात पसरला. माय भाकरी थापायची थांबली. उठून आली, आबांच्या हातातला वस्तरा काढून घेतला, आणि त्यांच्या तळहातावर हळद-तूप लावत बसली. आबांनी हात तिच्या मांडीवर ठेवला होता. चुलीवर भाकरी करपल्याचा वास सुटला तरी दोघं हलली नाहीत. मग माय भाऊला म्हणाली, "जा, चामोटा घिऊन ये." भाऊ उभाच. माय तूप लावता लावता पुढं म्हणाली, "अन् तिलाबी आन. येताना घोंगडी आन म्हनावं, इकडं थंडी लई पडून राह्यली." भाऊनं पायात चपला कशा घातल्या ते त्यालाच ठाऊक, पहिल्या एसटीनं गेला.

ती आली ती काकवीची कासंडी डोक्यावर घेऊन. घोंगडी आणली होती. आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते कातडं. आबांनी ते उलगडलं, हातावर घेतलं, डोळे मिटून बोटं फिरवली. अर्ध्यापर्यंत बोटं गेली आणि थांबली. वरचा अर्धा भाग तांबूस काळा, गुळगुळीत. खालचा अर्धा कोरा, खरवडलेला, लाटलेला, पण हात न लागलेला. "हे काय, आर्धाच?" आबा म्हणाले. वहिनी मान खाली घालून उभी. मला तिचं उत्तर माहीत नव्हतं, पण मी पटकन म्हणाले, "आर्धा माझा हाये." आबा आधी माझ्याकडं बघत राहिले, मग वहिनीकडं, आणि मग हसले. दसऱ्यानंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

रात्री अंथरुणात मी तिला विचारलं, "खरं सांग, आर्धा का ठिवलास?" ती म्हणाली, "वन्सं, समदा घासून आनला असता तर काम संपलं असतं. काम संपल्यावर मला कोन ठिवून घेतंय? आर्धा राह्यलाय म्हनल्यावर मला काडून देता तर यायचं न्हाई." मग अंधारात माझा हात शोधून म्हणाली, "अन् तुमच्याबिगर बिलकुल करमंना." आपल्याला शिकलेसवरलेले लोक हुशार वाटतात. त्या पोरीनं त्या वयात केवढा विचार करून ठेवला होता.

तो हिवाळा माझ्या माहेरचा शेवटचा, आणि मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी ओसरीवर उन्हाला बसायचो, चामोटा दोघींच्या मांड्यांवर आडवा. वरचा भाग तिचा, खालचा माझा. करडीच्या तेलाचं बोट टेकवायचं, जास्त नाही, तेल जास्त झालं की कातडं मातीसारखं बसतं. मग तळहाताची टाच दाबून, एकाच दिशेनं घासायचं. आधी काहीच होत नाही. मग हात तापतो. मग कधीतरी कातडं पण तापतं आणि हाताला लागतं की आता हे ऐकू लागलंय. बोलायला मोकळीक होती. ती गंगेच्या पुराचं सांगायची, उसाच्या फडात कोल्हं शिरलं त्याचं सांगायची. मी जाफराबादचं विचारायची, जसं काही तिला माहीतच होतं. तिनं तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी माझं मन राखायला खुशाल सांगायची की तिकडची मानसं लई गोड. माय जाता येता बघायची. एकदा न बोलता दोघींपुढं धपाटे आणि दही ठेवून गेली. आबा रोज संध्याकाळी वस्तरा फिरवून बघायचे. आवाज बदलत गेला, खर्र-खर्रवरून खस-खसवर आला. आणि एके दिवशी सकाळी मला सप-सपनं जाग आली. आत मायच्या भाकरीचं थप-थप थांबलं होतं. तीही ऐकत होती.

नवा चामोटा लागला की त्याच्यावरचा पहिला वस्तरा आमच्याकडं जावळाला वापरायचा, कारण बाळाच्या टाळूइतकी नाजूक जागा दुसरी नाही. तिथं तो शांत चालला तर जन्मभर शांत चालतो असं आबा मानायचे. गावातल्या एका मोठ्या घरी नातवाचं जावळ निघालं. स्टँडजवळच्या दुकानदारालाच सांगावं असं त्या घरातल्या कुणीतरी म्हटलं होतं, पण म्हातारीनं आबांनाच बोलावलं.  बाळ रडलं असतं, एक ओरखडा उमटला असता, तर तो ओरखडा वहिनीच्या कपाळीच लागणार होता. आम्ही दोघी बायकांच्या गर्दीत मागं उभ्या राहिलो. मामाच्या मांडीवर बाळ, आबांनी वाटीतलं कोमट पाणी टाळूला लावलं, आणि वस्तरा चालला. बाळ आधी डोळे मोठे करून बघत होतं. मग त्याच्या पापण्या जड झाल्या. अर्धं डोकं व्हायच्या आत ते झोपलं. बायका आपापसांत कौतुकानं बोलू लागल्या. आबांना मानाचा नारळ आणि खण मिळाला. घरी आल्यावर मायनं तो खण हातात घेतला, चामोट्याला हळदकुंकू लावलं, आणि त्याच बोटांनी वहिनीच्या कपाळाला लावलं. खण तिच्या ओटीत घातला. "बरं झालं," एवढंच म्हणाली. मायच्या तोंडी तेवढं म्हणजे पुष्कळ होतं.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. निघायच्या आदल्या दिवशी मी वहिनीला म्हटलं, "माझी बाजू कापून दे." ती म्हणाली, "हड. चामोटा हितंच राहील. तुमची बाजू वाळाया लागली की सांगावा धाडीन, मंग या." आणि खरंच तिनं तसं केलं. जाफराबादकडं येणाऱ्या कुणाच्याही हाती सांगावा यायचा, वन्संची बाजू वाळलीय. माझ्या सासूला वाटायचं, माहेरी शेतजमिनीचं काहीतरी आहे. मी जायची, दोन दुपारी घासायची, परत यायची. मग माझी लेकरं झाली, सासू अंथरुणाला खिळली, मला अंगणवाडीचं काम लागलं. आष्टी जिल्ह्याच्या एका टोकाला, जाफराबाद दुसऱ्या टोकाला. आबा गेले, माय गेली. गावोगाव ब्लेडच झालं. भाऊनं स्टँडवर फिरत्या खुर्च्यांचं दुकान घातलं. सांगावे कमी झाले आणि मग बंदच झाले. एकदा मी भाऊला सहज विचारलं तर म्हणाला, "आता चामोटा कोन वापरतंय, असंल कुठंतरी पडलेला." मी पुढं विचारलं नाही. वहिनीलाही नाही. मनात मात्र लागून राहिलं, की तिनं तो टाकला, आणि टाकल्याचं मला कळवलंही नाही. माझा नातू पाच पात्यांच्या वस्तऱ्यानं दाढी करतो आणि पातं बोथट झालं की कचऱ्यात टाकतो. ते मी उचलून बघते, आणि सून म्हणते, आत्याबाई, बोट कापंल.

गेल्या भाऊबीजेला मी आष्टीला गेले. वहिनी वाळून गेलेली, डावा खांदा धरलेला, जिना चढताना दम लागतो. दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती मला आत घेऊन गेली. तिच्या खाटेच्या उशाला खिळा होता, आणि खिळ्याला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात, चामोटा. मी फडकं सोडलं. इतकी वर्षं कुणी वस्तरा न लावलेला पट्टा खडखडीत वाळायला पाहिजे होता. तो मऊ होता. वरचा भाग मऊ होता, आणि खालचा त्याहून मऊ होता.

"माझी बाजू कुनी घासली?" मी विचारलं.

"कोन घासनार? म्याच."

"मंग सांगावा का न्हाई धाडलास वैनी?"

ती खाटेवर टेकली. "तुमची सासू पडून, लेकरं लहान. सांगावा आला असता तर तुमी जीव तोडून आला असता, न्हाई जमलं तर रडत बसला असता. म्हनून म्या तुमची बाजू वाळूच दिली न्हाई. वाळली न्हाई तर सांगावा कशाचा धाडू, खोटं बोलू?" मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आम्ही दोघी म्हाताऱ्या, तरी तिनं माझ्या केसांतून तसाच हात फिरवला. तळहात गुळगुळीत होता, बोटं मात्र राठ.

निघताना जीपवाला हॉर्न वाजवत होता. वहिनी खांदा सावरत फाटकापर्यंत आली आणि ते फडक्यातलं गाठोडं माझ्या पिशवीत कोंबलं. "आता माजा हात चालत न्हाई. तुमी न्या," ती म्हणाली. मी नको नको म्हणत होते. तिनं पिशवीचं तोंड आवळलं आणि म्हणाली, "वन्सं, घासून आना."

तो आता इथं, जाफराबादला, माझ्या खिडकीच्या गजाला आहे. दुपारी मी तो मांडीवर घेते, तेलाचं बोट टेकवते आणि घासते. त्यात घासायचं काही उरलेलं नाही, हे मला कळतं आणि तिलाही कळत असणार. परवा भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, "आत्या, आई रोज विचारून राह्यली, चामोटा झाला का घासून?" पाठीमागं तिचा खोकला ऐकू येत होता. मी म्हटलं, तिला सांग, अजून आर्धा राह्यलाय. तो घेऊन येते पुढच्या आठवड्यात, उरलेला तिथं बसून घासू.